धागा: बालवाडी-पहिलीच्या मुलांची हालचाल मोजून एडीएचडीचा (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) अंदाज – यंत्र कुठं बांधायचं, आकडे कसे वाचायचे?

मलप्रभाकाठ
साडेचार ते सात वर्षांची मुलं. खानापूर, बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग आणि थोडं निपाणीकडं. काही मराठी शाळेत, काही कन्नड माध्यमात, धाकटी अंगणवाडीत. बाईंची तक्रार ठरलेली: एका जागी बसत नाही, दुसऱ्यांनाही बसू देत नाही. प्रश्नावली भरून घेतली की आई लिहिते 'घरात शहाणा आहे', बाई लिहितात 'वर्गात वादळ'. कुणाचं किती धरायचं ते कळत नाही. म्हणून हालचाल मोजणारं यंत्र आठवडाभर बांधून बघायचा विचार चालू आहे.

ज्यांचा या कामात हात बसलाय त्यांनी लिहावं. यंत्र कोणतं, कमरेला की मनगटाला, किती दिवस, आणि मुख्य म्हणजे आलेल्या आकड्याचं करायचं काय. 'साखर बंद करा, योगा लावा' हे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

आकडेमोड
आधी यंत्राचं बोलू.

बाजारातले फिटनेस बँड या कामाचे नाहीत. पावलं मोजणाऱ्या बँडला सलग काही पावलं एका लयीत पडलेली लागतात, तेव्हा कुठं तो मोजायला लागतो. गुडघा हलवणं, पाटी आपटणं, शेजारच्याच्या वहीवर झुकणं, अर्धं उठून परत बसणं, हे त्याच्या लेखी शून्य. आपल्याला तर नेमकं तेच हवंय. शिवाय कच्ची नोंद हाताला लागत नाही आणि कंपनीनं अपडेट टाकलं की आतलं गणित बदलतं. जूनचा आकडा डिसेंबरच्या आकड्याशी जुळवता येत नाही.

संशोधनात चालतात ती यंत्रं म्हणजे ॲक्टिग्राफ, जीनॲक्टिव्ह, ॲक्सिव्हिटी एएक्स३. तिन्ही यंत्रं तीन दिशांचं त्वरण कच्च्या स्वरूपात साठवतात. एएक्स३ फक्त ११ ग्रॅमचं आहे, पडदा नाही, बटण नाही, म्हणजे पोरांना चाळा करायला काही मिळत नाही. १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १०० नोंदी घेत, साधारण दोन आठवडे चालतं.

सेटिंग सगळ्या यंत्रांना एकच ठेवा: ५० किंवा १०० हर्ट्झ, आणि पल्ला बदलता येत असेल तर ±८ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, मिलि-जी त्याचा हजारावा भाग). ॲक्टिग्राफ असेल तर 'आयडल स्लीप मोड' आधी बंद करा. तो चालू असला की यंत्र काही सेकंद स्थिर राहिल्यावर बॅटरी वाचवायला कच्ची नोंद थांबवतं. आपल्याला 'पोरगं किती वेळ शांत बसलं' हेच मोजायचंय आणि फायलीत नेमकी तीच जागा रिकामी सापडते.

सगळी यंत्रं एकाच संगणकावरून चालू करा, त्या संगणकाची वेळ मोबाइलशी जुळवून. मग सगळी एका डब्यात घालून डबा तीनदा जोरात हलवा आणि वेळ लिहून ठेवा. आठवड्यानं उतरवून घेतल्यावर परत तेच. आलेखात हे तीन उंचवटे सगळ्या फायलींत एकाच सेकंदाला दिसले पाहिजेत. शेवटचे सरकलेले दिसले तर घड्याळ किती पळालं किंवा मागं पडलं ते कळतं. हे टाळलं तर गणिताचा तास आणि मधली सुट्टी एकमेकांत मिसळतात आणि पुढचं सगळं वाया जातं.

शंकासुर
बांधा की, कोण नको म्हणतंय. पण हालचाल जास्त म्हणजे एडीएचडी हे कुठं लिहिलंय? पाच वर्षांचं पोरगं हललं नाही तर उलट डॉक्टरकडं न्यावं लागेल.

बालरोग_टिळकवाडी
शंकासुर, कुठंच लिहिलेलं नाही. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातल्या निकषांत यंत्राच्या आकड्याला जागाच नाही. बेलक्ष्याची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ अशी लक्षणं आहेत. मुलांमध्ये दोन्हींपैकी एका गटात किमान सहा, सहा महिन्यांहून जास्त काळ, वयाला न शोभतील इतकी, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसणारी आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणणारी असावी लागतात. हालचालमापक यातल्या अर्ध्या गटाला फार तर स्पर्श करतं. बेलक्ष्याच्या बाजूचं मूल, बऱ्याचदा मुलगी, खिडकीबाहेर बघत गप्प बसलेलं असतं. यंत्र त्याला 'उत्तम' म्हणून पुढं पाठवेल.

वयाबद्दल. अमेरिकेतल्या बालरोग संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका ४ वर्षांपासून तपासणी करा म्हणते. आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा कल सहाच्या आत शिक्का न मारण्याकडं आहे. इंक्लेन या संशोधन संस्थेचं भारतीय निदानसाधनसुद्धा ६ ते ९ वर्षांसाठीच बेतलेलं आहे. तेव्हा मलप्रभाकाठ, तुमच्या गटातल्या सहाच्या आतल्या मुलांसाठी या मोजणीतून 'निदान' हा शब्द काढूनच टाका. 'लक्ष ठेवायचं' आणि 'पुढं पाठवायचं' एवढे दोनच निकाल ठेवा.

मग यंत्र कशाला, तर आई आणि बाई दोघींचं म्हणणं एकमेकींना छेद देतं तेव्हा तिसरा, कुणाची बाजू न घेणारा साक्षीदार म्हणून. त्यापलीकडं त्याच्यावर भार टाकू नका.

वेदगंगा
तिसरा साक्षीदार बरोबर, पण त्याला योग्य प्रश्न विचारला पाहिजे. 'दिवसभरात किती हलला' हा चुकीचा प्रश्न. 'कुठल्या वेळी हलला' हा बरोबर.

या विषयातलं जुनं आणि आजही वाचण्यासारखं काम १९८३ चं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पोरिनो आणि रॅपोपोर्ट यांच्या गटानं १२ अतिचंचल आणि १२ इतर मुलग्यांच्या कमरेला आठवडाभर, रात्रंदिवस, मापक बांधलं. एकंदरीत अतिचंचल मुलं जास्त हलत होती, अगदी झोपेतही आणि शनिवार-रविवारीही. पण सगळ्यात मोठा फरक वाचन आणि गणिताच्या तासाला दिसला. जेवणाच्या सुट्टीत आणि खेळाच्या तासात फरक जवळजवळ नव्हताच. मैदानावर सगळीच पोरं धावतात. जिथं थांबायचं असतं तिथं कोण थांबू शकत नाही, ते बघायचं.

त्याच गटानं उत्तेजक औषध देऊनही मोजलं. वर्गातली हालचाल घटली आणि खेळाच्या तासातली वाढली. म्हणजे औषधानं मूल नुसतं 'मंद' होतं असं नाही, हालचाल प्रसंगाप्रमाणं होऊ लागते. दिवसाची एकच सरासरी काढली असती तर हे दोन्ही निष्कर्ष हातातून निसटले असते.

पहिलीच्या_बाई
हे सगळं वाचून बरं वाटलं, पण तुम्ही लोक ज्या वर्गाबद्दल बोलताय तो वर्ग आमच्याकडं नाही ओ. बाकच नाहीत. पोरं सतरंजीवर मांडी घालून बसतात. सरकारी कन्नड शाळेत पहिली ते तिसरी नली-कली असते, त्यात पोरांनी कार्ड घेऊन एका गटातून दुसऱ्या गटात जायचंच असतं. तिथं उठणं हा अभ्यासाचाच भाग. मग 'बसायचा तास' कुठला धरणार?

आणखी काही गोष्टी लक्षात घ्या. शनिवारी सकाळची शाळा, वेळा वेगळ्या. दूध वाटप असतं तेव्हा अर्धा वर्ग रांगेत आणि अर्धा पेले धुवायला. पोरींच्या हातात बांगड्या, पोरांच्या हातात काळा दोरा नाहीतर कडं. आणि वेल्क्रोचा पट्टा द्याल तर अख्खा वर्ग दिवसभर 'चर्र चर्र' करत बसेल, ते मोजणीतही येईल आणि माझ्या डोक्यातही.

आकडेमोड
बाईंनी लाखाचं बोलून टाकलं. एकेक घेतो.

जागा: मनगट की कंबर की घोटा? कमरेचा मापक धडाची हालचाल चांगली पकडतो. उठणं, चालणं, पळणं त्यात नीट येतं, पण बसल्या बसल्याची हाताची चुळबुळ सुटते. शिवाय आंघोळीला आणि झोपताना उतरवला की परत बांधायचं राहून जातं. बाहेरच्या काही अभ्यासांत घोट्यालाही बांधतात, कारण तिथलं मूल खुर्चीवर बसतं आणि पाय झुलवतं. मांडी घातलेल्या पोराचा घोटा त्याच्याच दुसऱ्या पायाखाली दाबलेला असतो. हलतो तो गुडघा, आणि कंबर पुढं-मागं होते. म्हणून घोट्याचे बाहेरचे आकडे आपल्या सतरंजीवर लावू नका. माझं मत असं की लिहायचा नाही त्या हाताचं मनगट रात्रंदिवस, आणि जादा यंत्रं असतील तर शाळेच्या वेळेत कमरेलाही. डावखुरी पोरं आधी विचारून घ्या.

पट्टा: वेल्क्रो नको. दवाखान्यात रुग्णाच्या हाताला बांधतात तसा एकदाच लागणारा, कात्रीनंच निघणारा पट्टा घ्या. पट्टा आणि कातडी यांत एक बोट जेमतेम जाईल इतका घट्ट. सैल असला तर यंत्र स्वतःच लटलट हलतं आणि ती हालचाल पोराच्या नावावर चढते. बांगड्या-कडं दुसऱ्या हातात घालायला सांगा. धातू यंत्रावर आपटला की आलेखात काट्यासारखी उंच टोकं येतात. काळा दोरा राहू दे, त्यानं काही बिघडत नाही, आणि तो काढायला सांगितला तर आजी यंत्रच काढून टाकेल.

तुकडे: लहान मुलांची जोरकस हालचाल सेकंदांत सुरू होते आणि सेकंदांत संपते. एका मिनिटाचा तुकडा धरला तर काय होतं बघा. समजा मिनिटातल्या पहिल्या १५ सेकंदांत पोरगं उसळलं, १२०० काउंट (यंत्राचं हालचालीचं एकक). उरलेल्या तीन तुकड्यांत शांत, प्रत्येकी २०. एकूण १२६०, सरासरी दर १५ सेकंदाला ३१५. एव्हन्सन या संशोधकांच्या गटानं ५ ते ८ वर्षांच्या मुलांवर ठरवलेल्या मर्यादांत २५ पर्यंत बैठी, ५७३ पर्यंत हलकी, १००२ पर्यंत मध्यम आणि त्यावर जोरकस. म्हणजे खरं चित्र 'एकदा जोरकस, तीनदा बैठी' आणि मिनिटाच्या हिशोबात 'पूर्ण मिनिट हलकी'. उसळीही गेली आणि शांतताही गेली. म्हणून ५ सेकंद, फार तर १५.

या मर्यादा कमरेला बांधलेल्या ॲक्टिग्राफच्या आहेत. मनगटावर लावायच्या नाहीत. तीन ते पाच वयासाठी पेट या संशोधकांच्या गटाच्या मर्यादा वेगळ्या: १५ सेकंदांना ४२० पासून मध्यम, ८४२ पासून जोरकस. मनगटाच्या कच्च्या नोंदीसाठी हिल्डेब्रँड यांच्या गटाचे आकडे आहेत, पण ते ७ ते ११ वर्षांच्या मुलांवरचे. त्यातही एकाच मनगटावर जीनॲक्टिव्हला मध्यम हालचाल १९१.६ मिलि-जी पासून आणि ॲक्टिग्राफला २०१.४ पासून. दोन कंपन्यांची यंत्रं एकाच वर्गात मिसळू नका ते यासाठीच.

शंकासुर
मग पाच वर्षांच्या पोराच्या मनगटाला मर्यादा कुठली?

आकडेमोड
कुठलीच उसनी नको. मर्यादा ओलांडली की नाही हे बघण्याऐवजी त्याच वर्गातल्या, त्याच तासातल्या मुलांशी तुलना करा.

कच्ची फाईल जीजीआयआर या फुकट पॅकेजमधून काढा, ते 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेत चालतं. तीन दिशांचं एकत्रित त्वरण, त्यातून गुरुत्वाचा १ जी वजा, ऋण आलं तर शून्य. हे झालं एनमो, मिलि-जी मध्ये. पॅकेज यंत्राची चूक स्वतः दुरुस्त करतं. दुरुस्तीनंतरही १० मिलि-जी पेक्षा जास्त चूक राहिली तर ती फाईल बाजूला ठेवा. बसलेल्या मुलाचा आकडाच इतका छोटा असतो की यंत्राच्या २० मिलि-जी चुकीनं शांत मूल चंचल ठरतं.

आता समजा बसून करायच्या तासांत वर्गाचा मध्यक (आकडे ओळीनं लावल्यावर मधला) ४० आला, आणि मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक ८. एका मुलाचा आकडा ६६. मध्यकापासून अंतर २६, आणि ०.६७४५ हा ठरलेला गुणक. मग ०.६७४५ × २६ ÷ ८ = २.१९. हे उदाहरणाचे आकडे आहेत, प्रमाण म्हणून वापरू नका. असा एक गुण बसण्याच्या तासाचा, एक मधल्या सुट्टीचा, एक झोपेचा काढायचा. तीन आकडे शेजारी ठेवले की मुलाची घडण दिसायला लागते. तिन्ही वर असतील तर मूल मुळातच चळवळं. फक्त बसण्याच्या तासाचा वर असेल तर वेदगंगांनी सांगितलेलं चित्र. झोपेचाच वर असेल तर डॉक्टरकडं आधी झोपेसाठी.

मध्यकच घ्या, सरासरी नको. वीस-पंचवीस पोरांच्या वर्गात एकच पोरगं भन्नाट निघालं की सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही तेच ओढून नेतं आणि स्वतःलाच झाकून टाकतं.

वेदगंगा
नली-कलीच्या प्रश्नावर: वेळापत्रकावरच्या नावावर जाऊ नका. 'गणित' लिहिलेल्या तासात गटबदल चालू असेल तर तो बसण्याचा तास नव्हेच. वर्गात एक माणूस नुसता नोंदीला बसवा. दर पाच मिनिटांनी त्यानं एवढंच लिहायचं: सगळ्यांनी बसून ऐकायचं / जागेवर लिहायचं / गटात फिरायचं / मोकळं. सोबत बाई कुठल्या भाषेत बोलत होत्या तेही.

या शेवटच्या रकान्यासाठी मी भांडेन. आपल्या सीमाभागातली ही खास गोष्ट आहे. घरात मराठी, अंगणवाडीत बाई दोन्ही भाषा बोलतात, आणि पहिलीला एकदम कन्नड किंवा इंग्रजी माध्यम. न कळणाऱ्या भाषेत चाळीस मिनिटं बसलेलं सहा वर्षांचं मूल चुळबुळ करणारच. यंत्राला 'लक्ष टिकत नाही' आणि 'कळत नाही' यांतला फरक दिसत नाही. म्हणून एकाच मुलाची दोन बसण्याच्या वेळांत तुलना करा. मराठीत गोष्ट सांगितली तेव्हा किती हललं आणि शाळेच्या भाषेत पाठ चालू असताना किती. गोष्टीला वर्गाइतकंच शांत आणि पाठाला दुप्पट अस्वस्थ असेल तर पहिली शंका भाषेची घ्यायची, मेंदूची नंतर. उलटीकडंही तसंच: मराठी शाळेत घातलेलं कन्नड घरातलं मूल.

डीएसएमचा 'दोन ठिकाणी' हा निकष इथं कामाला येतो. घर आणि शाळा ही नुसती दोन ठिकाणं नाहीत, बऱ्याच पोरांसाठी त्या दोन भाषा आहेत.

बालरोग_टिळकवाडी
शंभर टक्के. त्यात जन्मतारीख धरा. एकाच वर्गातली सगळ्यांत लहान मुलं जास्त प्रमाणात एडीएचडी ठरवली जातात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर. तिथं २०१२ साली छापलेल्या अभ्यासात डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांचं निदान जानेवारीवाल्यांपेक्षा ३० टक्के जास्त झालेलं दिसलं आणि मुलींचं ७० टक्के. मेंदू सारखाच, वय अकरा महिने कमी. आपल्याकडं दाखल्यावर तारीख मागंपुढं करून पहिलीत बसवलेली पोरं असतात. वय जन्मनोंदीवरून किंवा लसीकरणाच्या कार्डावरून घ्या, शाळेच्या दाखल्यावरचं धरू नका. तक्त्यात वय महिन्यांत लिहा, आणि वर्गातल्या सगळ्यांत धाकट्या पाच-सहा जणांचा मध्यक वेगळा काढून बघा.

यंत्र बांधायच्या आधी काय उरकावं: कान, डोळे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा). हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, आणि रात्री पाय झाडणारी, सकाळी चिडचिडी उठणारी मुलं त्यात सापडतात. अस्वस्थ पायांचा त्रास असेल तर फेरिटिन ५० च्या खाली असल्यावरही लोह द्यायचा विचार करतात. घोरणं आणि तोंडानं श्वास हेही विचारा. टॉन्सिल-ॲडेनॉइड सुजलेल्या मुलाची झोप तुटते आणि दमलेलं लहान मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, उधळतं. मधेच काही सेकंद टक लावून गप्प होत असेल तर फीटची तपासणी.

शंकासुर
मान्य. पण समजा सगळ्या अंगणवाड्यांत सरसकट बांधलं आणि आकडा वर असलेली पोरं वेगळी काढली, तर? सरकारी योजनेत असलं काहीतरी निघायला वेळ लागत नाही.

आकडेमोड
तर गोंधळ होईल. गणित करून बघा. समजा हजार मुलं आणि खरा एडीएचडी ५ टक्के, म्हणजे ५० जणांना. यंत्राची पद्धत खऱ्यांपैकी ८० टक्के पकडते आणि नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडते असं उदारपणे धरू. खरे पकडले ४०. नसलेल्या ९५० पैकी चुकून पकडले १९०. यादीत २३० नावं आणि त्यातली ४० खरी, म्हणजे साधारण १७ टक्के. दर सहा पालकांतल्या पाचांना विनाकारण घोर. शिवाय दहा खरी मुलं यादीबाहेर, 'यंत्रानं नाही म्हटलं' या प्रमाणपत्रासह.

हेच यंत्र बाई आणि आई दोघींनी आधीच निवडलेल्या मुलांना बांधलं आणि त्यांच्यात खऱ्यांचं प्रमाण समजा ४० टक्के असलं, तर शंभरातले ३२ खरे आणि १२ चुकीचे. आकड्याला आता काहीतरी अर्थ आला. यंत्र तेच, क्रम बदलला.

मलप्रभाकाठ
म्हणजे प्रश्नावली आधी, यंत्र नंतर. पण मग वर्गाचा मध्यक कुठून आणायचा? एकट्यालाच बांधलं तर पोरं 'घड्याळवाला' म्हणून चिडवतील.

वेदगंगा
अख्ख्या वर्गाला बांधा, पण इतरांचे आकडे फक्त मध्यकासाठी वापरा, नाव न लावता. यंत्रं कमी असतील तर त्याच वर्गातली, त्याच लिंगाची, वयात तीन महिन्यांच्या आतली किमान आठ-दहा मुलं. यंत्रावर नाव चिकटवू नका, रंगीत टेपचा खूण-क्रमांक द्या आणि नावांची वही वेगळ्या कुलपात ठेवा.

संमती सगळ्या पालकांची, लेखी, त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत. कागद कन्नडमध्ये आणि सही मराठी वाचणाऱ्या आईची, याला संमती म्हणत नाहीत. आयसीएमआर या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांप्रमाणं सात वर्षांपासून मुलाचीही तोंडी संमती लागते. त्याखालच्यांना कायद्यानं लागत नसली तरी 'नको' म्हणणाऱ्याच्या हाताला जबरदस्तीनं काही बांधू नये. विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीबद्दल कडक आहे. फायली कुणाच्या फुकट क्लाउडवर चढवू नका, आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर तर आलेखाचा फोटोसुद्धा नको.

पहिलीच्या_बाई
घरी गेल्यावरचं काय? आमच्या पोरांचं घर म्हणजे झोपाळा, बाबांच्या गाडीवर पुढं बसणं, आणि रात्री एका अंथरुणात चौघं.

आकडेमोड
तिन्ही गोष्टी आकडा बिघडवतात. झोपाळ्यावर निवांत बसलेलं मूल यंत्राला हलताना दिसतं, पण लय एकसारखी असते, आलेखात लगेच ओळखू येते. तो तुकडा काढून टाका. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी, टमटम किंवा एसटी असेल तर बारीक थरथर सतत. घरच्या तक्त्यात 'गाडीवर कधी ते कधी' हा रकाना ठेवाच. अंथरुणातलं अवघड आहे. शेजारच्या भावंडाची लाथही नोंदली जाते. झोपेचा आकडा तुलनेला घ्यायचा तर मूल एकटं झोपतं की कुणाशेजारी हे लिहा आणि तशाच मुलांत तुलना करा.

यंत्र उतरवलेलं आणि मूल गाढ झोपलेलं, दोन्ही आलेखात सपाट. जीजीआयआर तासाच्या खिडकीत बघतं आणि तीनपैकी दोन दिशांत प्रमाण विचलन १३ मिलि-जी पेक्षा कमी असेल तर 'घातलेलं नव्हतं' समजतं. लहानांत हे बहुधा जमतं, पण तक्त्याशी पडताळा.

दिवस: सात बांधा. पहिला टाकून द्या, नव्या वस्तूचं कौतुक असतं. उरलेल्यांत किमान चार धड दिवस, जागेपणी दहा तास घातलेलं, आणि त्यात एक सुट्टीचा. शनिवार हा तिसराच प्रकार. त्याला शाळेच्या दिवसांत मिसळू नका, रविवारातही नको.

बालरोग_टिळकवाडी
पुढं कुठं पाठवायचं तेही लिहून ठेवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे. त्यांची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या लवकर हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. बेळगावात बिम्स आणि केएलई ही रुग्णालयं, पुढं धारवाडची मानसिक आरोग्य संस्था डिमहान्स, गुंतागुंत असेल तर बंगळूरचं निम्हान्स. मराठीतूनच बोलणी आणि चाचणी हवी असेल तर निपाणी-चिकोडीवाल्यांना कोल्हापूर जवळ पडतं. भाषेची अडचण खरी आहे, तिला कमी लेखू नका.

सोबत काय द्यायचं: दोन प्रश्नावल्या, बाईंच्या शब्दांतली चार ओळींची तक्रार, वय महिन्यांत, घरची आणि शाळेची भाषा, तपासण्या, आणि आलेख एकच पान. तीस पानांची फाईल ओपीडीत कुणी उघडत नाही. 'एडीएचडी असण्याची शक्यता अमुक टक्के' असं वाक्य त्या पानावर नको.

सहाच्या आतल्यांना पहिला उपाय औषध नव्हे, पालकांना वागणूक हाताळायचं प्रशिक्षण. त्यासाठी निदानाची वाट बघायचीही गरज नाही.

शंकासुर
कॅमेऱ्यासमोर बसवून करतात ती चाचणी बरी नाही का? पंधरा मिनिटांत काम.

बालरोग_टिळकवाडी
क्यूबी-टेस्ट म्हणताय. कपाळाला पट्टा, त्यावर चमकती खूण, इन्फ्रारेड कॅमेरा डोक्याची हालचाल टिपतो आणि मूल पडद्यावरच्या आकृत्या बघून बटण दाबतं. ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ६ ते १७ वयासाठी ती वापरायला हरकत नाही म्हटलं, पण डॉक्टरच्या पूर्ण तपासणीच्या जोडीनं. या धाग्यातल्या निम्म्या मुलांचं वयच बसत नाही.

मलप्रभाकाठ
शेवटचा प्रश्न. कधी बांधायचं? आमचा बेत जुलैचा होता.

पहिलीच्या_बाई
खानापुरात जुलै? पावसानं मैदान बंद, पोरं दिवसभर वर्गात आणि व्हरांड्यात, त्यात अधूनमधून पावसाची सुट्टी. मधल्या सुट्टीचा आकडा येणारच नाही. जूनमध्ये नवी पोरं रडत असतात. गणपतीच्या चवथीच्या आधीचा आठवडा तर विचारूच नका.

आकडेमोड
सहमत. मैदानाचा आकडा नसला की वेदगंगांची तुलनाच होत नाही. दिवाळीनंतर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर मध्य चांगला. १ नोव्हेंबरचा आठवडा सोडा, राज्योत्सव आणि काळा दिवस, कारण आपल्याकडं सांगायला नको. जानेवारीत स्नेहसंमेलन आणि २६ ची कवायत, तेव्हा तालमींमुळं वेळापत्रक कागदावरच राहतं. ऊसतोडीच्या टोळ्यांची मुलं नोव्हेंबरात शाळेत येतात-जातात, त्यांना मध्यकात धरू नका.

मलप्रभाकाठ
ठीक, नोव्हेंबर. वर्गातला नोंद-तक्ता मराठी आणि कन्नड दोन्हीत करून इथंच टाकते. बाई, रकाने एकदा बघून घ्या.

पहिलीच्या_बाई
टाका. दुधाच्या वेळेला वेगळा रकाना ठेवा, आणि 'बाई वर्गाबाहेर' असाही एक. हेडमास्तरांनी हाक मारली की पाठीमागं काय होतं ते यंत्राला कोण सांगणार?